तेरा जागा, तेरा अर्ज



निवडणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोकसभा, विधानसभा, फार तर जिल्हा परिषद येते. आज मी त्या निवडणुकांविषयी बोलणार नाही. आपण स्वतः ज्यांचे सभासद असतो, ज्यांत आपला शेअर असतो, त्या संस्थांच्या निवडणुकांविषयी बोलणार आहे.

आमच्या संगमनेर तालुक्यातलं एखादं साधं शेतकरी कुटुंब घ्या. साकूरचं घ्या, आश्वीचं घ्या, नाहीतर तळेगाव दिघ्याचं घ्या. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज घरात असतं. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत किटली जाते. ऊस असेल तर अमृतनगरच्या साखर कारखान्याचा शेअर असतो. मुलीच्या लग्नासाठी म्हणून पतसंस्थेत थोडी ठेव असते. थोरला मुलगा पुण्यात फ्लॅट घेऊन राहिला असेल, तर तो तिथल्या गृहनिर्माण संस्थेचा सभासद. म्हणजे एकाच घरात चार-पाच संस्थांचं सभासदत्व नांदत असतं. या प्रत्येक संस्थेत साधारण दर पाच वर्षांनी निवडणूक होते. त्या घरातल्या माणसांनी आजवर मतं बरीच दिली असतील. पण उमेदवारी अर्ज कुणी भरला का, असं विचारलं तर बहुतेक घरांत ‘छे हो, आपल्याला कुठं ते’ असंच उत्तर मिळेल.

माझी सगळी नोकरी सहकार खात्यात झाली. त्यामुळे अशा बऱ्याच निवडणुकांचं काम माझ्याकडे आलं. टेबलाच्या अलीकडे बसून मी अर्ज स्वीकारले, छाननी केली, माघारी नोंदवल्या. आणि टेबलाच्या पलीकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की अर्जावरच ते छापून घ्यावं असं वाटायचं. ‘साहेब, मला काही हौस नाही. लोकांनी फारच आग्रह केला, म्हणून आलो.’

हे वाक्य आपल्याकडे सभ्यपणाचं मानलं जातं. स्वतः होऊन ‘मला निवडून द्या’ म्हणणारा माणूस आपल्याला जरा उथळ वाटतो. हे आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये नवा सभापती निवडला गेला, की सदस्य त्याला दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीकडे नेतात आणि तो नको नको म्हणत मागे ओढल्याचं नाटक करतो. त्या नाटकाला इतिहास आहे. सभागृहाचं नकोसं म्हणणं राजाच्या कानावर घालायचं काम सभापतीचं असे, आणि जुन्या काळी काही सभापतींना त्यापायी जीव गमवावा लागला. खुर्ची नको म्हणायला त्यांच्याकडे खरंखुरं कारण होतं! आपल्या दूध संस्थेत तसलं काही भय नाही. तरी आपलं ‘नको नको’ चालूच आहे.

आता आपल्या भाषेतला शब्द पाहा. उमेदवार. फारसीतून आलेला शब्द. उमेद म्हणजे आशा. आशा बाळगणारा तो उमेदवार. पण मराठीनं या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. एखादा तरुण वकील मोठ्या वकिलाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काम शिकतो, त्यालाही आपण उमेदवारी करणं म्हणतो. ‘उमेदवारीच्या काळात फार खस्ता खाल्ल्या,’ असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे पद मागणारा तो उमेदवार आणि काम शिकणाराही उमेदवार. सभासदांच्या संस्थेत उमेदवारीचे हे दोन्ही अर्थ एकत्र असायला हवेत. आपण मात्र पहिलाच तेवढा ध्यानात ठेवला.

कायदासुद्धा आपल्या संकोचाची काळजी घेतो. उमेदवारी अर्ज नीट वाचला तर लक्षात येईल, की त्यात सूचकाची सही असते, अनुमोदकाची सही असते. दोघंही त्याच संस्थेचे मतदार. ‘अमुक यांचं नाव मी सुचवतो,’ असं सूचक म्हणतो, आणि उमेदवार त्याला आपली संमती देतो. म्हणजे कागदोपत्री कुणी स्वतःचा डंका वाजवत नाही. शेजारी नाव सुचवतो, दुसरा त्याला दुजोरा देतो आणि आपण ‘होय’ म्हणतो. इतकं साधं हे काम आहे.

मग अडतं कुठं? ते समजायला निवडणुकीच्या कार्यक्रमात थोडं डोकवावं लागेल. आधी मतदारयादी प्रसिद्ध होते. मग अर्ज भरायचे दिवस, मग छाननी, मग माघारीची मुदत, चिन्हवाटप, मतदान आणि मोजणी. आपल्याला वाटतं, निवडणूक मतदानाच्या दिवशी होते. बऱ्याच संस्थांत ती माघारीच्या दिवशी होऊन गेलेली असते. तेरा संचालक निवडायचे असतात. तीस-पस्तीस अर्ज आलेले असतात. शेवटच्या दिवशी सकाळपासून गावात मोटारसायकली फिरू लागतात. कुणाला मामांकडून निरोप जातो, कुणाला व्याह्यांकडून. ‘पुढच्या वेळी तुझा विचार करू’ असा शब्द दिला जातो. मुदत संपते तेव्हा टेबलावर तेरा जागांसाठी तेराच अर्ज उरलेले असतात. निवडणूक बिनविरोध. गुलाल उधळला जातो, आणि गावानं एकीचं दर्शन घडवलं म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते.

बिनविरोधला मी सरसकट नावं ठेवत नाही. निवडणुकीचा खर्च संस्थेच्याच पैशातून होतो. दोनशे सभासदांच्या लहान संस्थेत भांडणं लावून, भावकी फोडून निवडणूक लढवण्यात शहाणपण नसतं. सगळ्यांनी बसून, हिशेब मांडून, चांगली माणसं ठरवली आणि बिनविरोध निवडली, तर त्याच्यासारखं उत्तम काही नाही. पण फरक ओळखायला हवा. सगळ्यांनी बसून ठरवलं की चौघांनी बसून बाकीच्यांना बसवलं? बिनविरोधच्या वेळी मी मनाशी एकच गोष्ट तपासून पाहायचो. या पाच वर्षांत सर्वसाधारण सभेत कुणी एखादा तरी प्रश्न विचारला होता का? प्रश्न विचारले गेले असतील, उत्तरं मिळाली असतील, आणि मग माणसं समाधानानं बिनविरोध म्हणत असतील, तर ठीक. नाहीतर ते नुसतंच गप्प बसणं.

गप्प बसण्याची किंमत काय असते, हे मी एका पतसंस्थेत पाहिलं. संस्थेचं नाव आणि गाव सांगत नाही. लागोपाठ तीन निवडणुका बिनविरोध झाल्या होत्या. सगळे सांगायचे, संस्था फार गुण्यागोविंदानं चालली आहे. संचालक मंडळाच्या सभा कागदावर होत होत्या. इतिवृत्ताचं पुस्तक सह्यांसाठी घरोघर फिरत होतं. मोठी कर्जं मोजक्याच घरांत गेली होती आणि तारण पुरेसं नव्हतं. एका दिवाळीच्या आधी ठेवीदार पैसे काढायला गेले, तर पैसे नाहीत. रांगेत पेन्शनर होते, भाजी विकणाऱ्या बायका होत्या, विड्या वळून चार पैसे साठवलेल्या म्हाताऱ्या होत्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे त्या दिवशी रांगेत उभं राहून अनेकांना पहिल्यांदा कळलं.

चौकशी झाली. सहकार कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित करता येते. एक संचालक माझ्यासमोर रडकुंडीला आले. ‘साहेब, मला यातलं काही माहीत नव्हतं हो. मला नुसतं म्हणाले, तुमचं नाव घालतो.’ त्यांचं म्हणणं बहुधा खरंच होतं. पण कायद्यापुढे ते चालत नाही, आणि त्या रांगेतल्या म्हातारीपुढे तर मुळीच चालत नाही. लोकांनी आग्रह केला म्हणून मी आलो, असं म्हणणाऱ्या माणसाला वाटतं की आपल्यावर जबाबदारी कमी आहे. अर्जावर सही मात्र त्याचीच असते.

श्रोतेहो, संस्था चालवायला माणसं निवडायची कशी, हा प्रश्न फार जुना आहे. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतीवर दहाव्या शतकातला, चोळ राजा परांतकाच्या काळचा शिलालेख आहे. गावच्या समित्यांवर माणसं कशी नेमायची, याचे नियम त्यात कोरले आहेत. पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातानं चिठ्ठी काढायची. वय पस्तिसापेक्षा कमी नको, सत्तरापेक्षा जास्त नको. मागच्या तीन वर्षांत समितीवर होता तो पुन्हा नको. आणि ज्यानं आधीच्या कारभाराचा हिशेब दिला नाही, तो तर नकोच, त्याचे नातेवाईकही नकोत! त्या व्यवस्थेत जमीनदार, वेद शिकलेल्या पुरुषांनाच स्थान होतं, हे विसरून चालणार नाही. पण हिशेब न देणाऱ्याला दार बंद, हा नियम आजही कुठल्याही संस्थेच्या पाटीवर लिहावा असा आहे.

तिथं कुणाला स्वतःचं नाव पुढे करावं लागत नव्हतं. मडकंच काय ते ठरवी. आपण मडकं सोडलं आणि मत घेतलं. इंग्लंडातल्या रॉचडेल गावात १८४४ साली विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून एक दुकान काढलं. शेअर कितीही असोत, एका माणसाला एकच मत, हा त्यांचा नियम पुढे जगभरच्या सहकारानं उचलला. आपल्या कायद्यातही तो आहे. पण मत द्यायचं तर समोर नाव हवं, आणि नाव हवं तर कुणीतरी ‘मी आहे’ असं म्हणायला हवं. यादीत नावच नसेल तर एक माणूस एक मत या तत्त्वाला काय अर्थ उरतो?

इथं कुणी म्हणेल, स्वतः होऊन उभं राहिल्यानं चांगली माणसं मागेच राहतात, हे आपण साहित्य संमेलनात पाहिलं नाही का? बरोबर आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी अनेक वर्षं निवडणूक होत असे. मतदार हजाराच्या आसपास. लेखकानं अर्ज भरायचा आणि मतदारांच्या गाठीभेटी घेत हिंडायचं. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत कवयित्री इंदिरा संत यांचा पराभव झाला आणि विनोदी लेखक रमेश मंत्री अध्यक्ष झाले. त्याची हळहळ मराठी वाचकांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली. कितीतरी मोठे लेखक या वाटेलाच गेले नाहीत. शेवटी २०१८ मध्ये साहित्य महामंडळानं निवडणुकीची पद्धत बंद करून अध्यक्ष सन्मानानं निवडायचं ठरवलं, आणि जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे अध्यक्ष म्हणून लाभल्या.

मला तो निर्णय योग्य वाटतो. पण त्यावरून गावच्या सोसायटीसाठी धडा घेताना जरा थांबावं. संमेलनाचं अध्यक्षपद हा मान आहे. मान मागून घ्यायचा नसतो, तो दुसऱ्यांनी द्यायचा असतो. सोसायटीचं संचालकपद हे काम आहे. काम मागायला लाज कसली? शेतावर रोजगारी येतो, ‘काम आहे का’ म्हणून विचारतो. त्याला आपण उथळ म्हणत नाही. आपली गफलत अशी, की संचालकपदाला आपण मान समजून बसलो. म्हणून तर निवडून आल्यावर फेटे, हार, चौकाचौकात फ्लेक्स. आणि वार्षिक अहवाल छापायची वेळ आली की धावपळ.

काम आणि मान वेगळे ठेवले तर काय घडतं, त्याचं उदाहरण आमच्या जवळच आहे. संगमनेरवरून वाहत जाणारी प्रवरा पुढे ज्या भागात जाते, तिथं लोणीला १९५० साली शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. त्यासाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना शेअर घ्यायला लावणारे होते विठ्ठलराव विखे पाटील. पण कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्या क्षणी त्या खुर्चीला जे ज्ञान हवं होतं, ते गाडगिळांकडे होतं. विखे पाटलांचा मोठेपणा त्यानं कमी झाला नाही. यातून मी असा अर्थ घेतो, की आधी काम पाहावं, मग नाव ठरवावं. आपल्यापेक्षा योग्य माणूस असेल तर त्याचा सूचक व्हावं. नसेल, किंवा तो येत नसेल, तर आपलं नाव द्यावं. दोन्हीत कमीपणा नाही.

महिलांच्या राखीव जागांविषयी थोडं बोललंच पाहिजे. संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी असतात. तिथं बऱ्याचदा अर्ज एका हस्ताक्षरात, सही दुसऱ्या हस्ताक्षरात. बाईंना विचारावं, तर उत्तर शेजारी उभा असलेला नवरा देणार. एका दूध संस्थेच्या वेळी मात्र एक बाई एकट्या आल्या. गोठा त्याच सांभाळत, दूध त्याच घालत. शेअर त्यांच्या नावावर होता. अर्ज त्यांनी स्वतः लिहून आणला होता; अक्षर शाळकरी, पण एकही खाडाखोड नव्हती. सूचक म्हणून शेजारची जाऊ आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्या वस्तीवरची एक बाई. मी सहज विचारलं, ‘ताई, तुम्हाला कशासाठी उभं राहायचंय?’ त्या म्हणाल्या, ‘फॅट कशी लावतात ते मला बघायचंय.’

श्रोतेहो, दूध घालणाऱ्याला माहीत असतं, की फॅट एका पॉइंटनं इकडची तिकडे झाली की दहा दिवसांच्या पगाराचा हिशेब बदलतो. बाईंना खुर्चीत बसायचं नव्हतं. मशीन कसं चालतं ते पाहायचं होतं. पॅनेलचा जोर होता, त्या पडल्या. पण प्रचार करताना वस्तीवस्तीवर त्यांनी तेवढा एकच प्रश्न विचारला होता. निवडून आलेल्या मंडळाला पहिल्याच महिन्यात ठरवावं लागलं, की फॅट लावताना दूध घालणाऱ्यानं समोर उभं राहून आकडा पाहायला हरकत नाही. बाई निवडणूक हरल्या, पण त्यांचं काम झालं.

म्हणून पडण्याचं फार भय बाळगू नये. आपल्याकडे ‘पडला’ हा शब्द असा उच्चारतात, की जणू माणूस विहिरीत पडला. सभासदांच्या संस्थेत पडलेल्या उमेदवाराचं सभासदत्व कुठं जात नाही. तो पुढच्या सभेत पहिल्या रांगेत बसू शकतो, अहवाल हातात घेऊन पान नंबर सांगून प्रश्न विचारू शकतो. आणि ज्यानं एकदा उभं राहून लोकांसमोर आपलं म्हणणं मांडलं, त्याच्या प्रश्नाला उत्तर देताना मंडळालाही थोडं सावरून बोलावं लागतं.

ज्यांच्या मनात कधीतरी हा विचार येऊन गेला असेल, त्यांच्यासाठी दोन-चार साध्या गोष्टी सांगतो. निवडणुकीच्या वर्षी जागं होऊन उपयोग नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत संस्थेची वार्षिक सभा व्हावी लागते. त्या सभेला जा. अल्पोपाहाराचा पुडा घेऊन दारातूनच परत फिरू नका. अहवाल आधी मागून घ्या. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता मिळाला ते पाहा. अ वरून ब वर आणि ब वरून क वर संस्था घसरत असेल तर का, ते विचारा. थकबाकीचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचा. संस्थेचे उपविधी, म्हणजे पोटनियम, एकदा तरी डोळ्यांखालून घाला. आपली स्वतःची बाकी भरलेली ठेवा. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही आणि ते योग्यच आहे. मतदारयादी लागली की आपलं नाव त्यात आहे ना, बरोबर लिहिलं आहे ना, ते स्वतः जाऊन पाहा. सूचक म्हणून शक्यतो आपल्या भावकीतला न घेता दुसऱ्या वस्तीवरचा घ्या. त्याला आपलं म्हणणं पटवून देतानाच आपल्यालाही ते नीट कळतं.

आणि एक कसोटी. निवडून आल्यावर आपण काय करणार, हे एका वाक्यात सांगता येतं का? ‘संस्थेचा सर्वांगीण विकास’ हे वाक्य चालणार नाही. ‘फॅट लावताना सभासदाला आकडा दिसेल’ असं वाक्य हवं. ‘कर्जाच्या थकबाकीची यादी सभेपुढे येईल,’ ‘वाचनालय संध्याकाळी आठपर्यंत उघडं राहील,’ ‘इमारतीच्या गच्चीची गळती पावसाळ्याआधी बंद होईल,’ अशी वाक्यं. असं वाक्य तुमच्याकडे असेल, तर तुम्हाला कुणाच्या आग्रहाची वाट पाहायची गरज नाही. आणि नसेल, तर कुणी कितीही आग्रह केला तरी अर्ज भरू नये.

येत्या वर्षभरात तुमच्याही कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या फलकावर निवडणुकीचा कार्यक्रम लागेल. कागद छोटा असतो, अक्षर बारीक असतं आणि बहुतेक लोक तो न वाचताच पुढे जातात. या वेळी थांबून वाचा. अर्ज कुठं मिळतात आणि शेवटची तारीख कोणती, एवढं वहीत टिपून घ्या. मग घरी जाऊन त्या एका वाक्याचा विचार करा.